निंबाअण्णांची संदर्भसूची

नावांच्या यादीत निंबाअण्णा वाघ चुकले, असं दाखवून देणारा माणूस अख्ख्या सुरतेत अजून जन्माला यायचाय! हे माझं म्हणणं नाही, खुद्द अण्णांचं आहे. आणि अण्णा हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे, समोर गिऱ्हाईक असो नसो.

पांडेसऱ्यात मिलच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचा छापखाना. छत्तीस वर्षं तिथे लग्नपत्रिका छापल्या जातायत. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून, आता कॉम्प्युटरवर. आणि खानदेशी माणसाची लग्नपत्रिका म्हणजे काय गंमत आहे का राव! नवरा-नवरीची नावं असतात दोन, बाकीची सव्वाशे! आजोबा, चुलते, मामा, मावसे, आत्याचे यजमान, गावाकडचे भाऊबंद, वर शेजारच्या चाळीतले मानाचे चार. त्यातलं एक नाव एक ओळ खाली गेलं की संपलं. हळदीला मामा गैरहजर आणि पंगतीत काका भिंतीकडे तोंड करून बसलेले! अण्णांनी अशी अकराशे लग्नं बिनरुसव्याची पार पाडली होती. त्यांचे नियम पक्के. कैलासवासी सर्वांच्या आधी. मग वयाने मोठा. मामाला स्वतंत्र ओळ. आणि ‘व इतर’ हे दोन शब्द छापखान्यात उच्चारायचेही नाहीत.

“इतर म्हणजे कोण हो?” अण्णा गिऱ्हाइकाला विचारायचे. “ज्याला आपण इतर म्हटलं, त्याने आहेर कोणत्या तोंडाने आणायचा?”

अशा माणसाच्या हाती त्यांच्या लेकीने एका मंगळवारी सकाळी शोधनिबंधाची संदर्भसूची दिली. चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

लेक म्हणजे धनश्री. कामरेजच्या एका कॉलेजात शिकवायची आणि पीएच.डी. करायची. विषय होता, खानदेशातून सुरतेच्या मिलमध्ये आलेली कामगारांची पहिली पिढी. सहा वर्षं पोरगी मोबाइलवर आवाज टिपत घरोघर हिंडली होती. अडतीस जणांच्या मुलाखती! आता प्रबंध तयार होता, पण तो सादर करायचा तर एका जर्नलने तिचा एक लेख स्वीकारलेला हवा. लेख एकदा परत आला होता. ‘मजकूर उत्तम, संदर्भ नियमानुसार नाहीत,’ असा शेरा मारून. दुसरी आणि शेवटची संधी आज संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून गेले की अंक बंद आणि प्रबंध पुढच्या वर्षावर. आणि नेमकी आजच धनश्रीची परीक्षेत सुपरव्हिजनची पाळी!

“अण्णा, लेख पाठवून झालाय,” चपला पायात सरकवत ती म्हणाली. “फक्त शेवटची यादी टाइप करायची राहिली. ह्या चाळीस चिठ्ठ्या पुस्तकांच्या आणि लेखांच्या, ह्या अडतीस मुलाखतींच्या. आधी आडनाव, मग नाव, मग साल. अक्षरक्रमाने लावायचं. नियमांचा कागद सोबत आहे.”

अण्णांनी चष्मा शर्टाला पुसला. “पोरी, नावांची यादी कशी करायची, हे तू मला सांगतेस?”

“म्हणून तर भीती वाटते! आणि पाठवू नका हं. मी चार वाजता येऊन बघते, मग पाठवते.”

“जा गं, निर्धास्त जा!”

पहिला अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. मग मुलाखतींच्या चिठ्ठ्यांमध्ये अण्णांना दोन नावं दिसली आणि त्यांचा हात थांबला. सुकदेव बोरसे आणि हिलाल महाजन. अक्षरक्रमाने सुकदेव वर येत होता, हिलालकाका खाली!

आता हा सुकदेव म्हणजे अण्णांचा मेहुणा, मंगलाबाईंचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, मिलमध्ये रंगखात्यात. आणि हिलालकाका म्हणजे एकोणऐंशीचे. त्यांच्या गावातून सुरतेला आलेला पहिला माणूस! अर्धी गल्ली त्यांनी हाताला धरून आणलेली. अण्णांनाही त्यांनीच उधना स्टेशनावरून उतरवून घेतलं होतं. पत्र्याची ट्रंक, त्यात दोन सदरे आणि आईने बांधून दिलेल्या दादर ज्वारीच्या भाकरी. काका म्हणाले होते, “निंबा, आते हाईच आपलं गाव.” ते आठवलं आणि अण्णांना अक्षरक्रमाचा भयंकर राग आला.

“मंगले!” त्यांनी आत हाक मारली. “तुझा भाऊ हिलालकाकांच्या डोक्यावर बसवायचा म्हणते तुझी लेक!”

“पोरनी सांगेल शे तसं करा ना!” मंगलाबाईंनी स्वयंपाकघरातून सुनावलं.

“पोर लहान आहे. तिला रुसवे माहीत नाहीत.”

झालं! नियमांचा कागद अण्णांनी टेबलाच्या कडेला सारला आणि छत्तीस वर्षांचा अनुभव कामाला लावला. अडतीसपैकी नऊ जण मुलाखती दिल्यानंतर वारले होते. अण्णांना ते विचारावं लागलं नाही, त्यांच्या उत्तरकार्याची पत्रं त्यांनीच छापली होती. ती नऊ नावं कै. लावून सर्वांत वर गेली. प्रत्येक नाव टाइप करताना अण्णांचा वेग कमी कमी होत गेला. हा बाराजणांच्या खोलीत भांडी घासायची पाळी कधी चुकवायचा नाही. हा रविवारी सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा, आणि सगळ्यांच्या बायकांना एकच मजकूर पाठवायचा! अण्णा एकटेच हसले. मग डोळे पुसून पुढच्या नावाला लागले.

पुस्तकवाल्यांची वयं माहीत नव्हती, पण सालं होती. ज्याचं साल जुनं, तो मोठा! बायकांना सौ. लावलं. ज्यांची काहीच माहिती नव्हती त्यांना अविवाहित समजून चि. लावलं. आणि कागदाच्या माथ्यावर, हाताच्या सवयीने, ‘॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥’.

मग ती चिठ्ठी आली. ‘सोनवणे व इतर, १९९८.’ कामगार चाळींच्या पाहणीचा अहवाल होता.

व इतर! आपल्या छापखान्यातून! अण्णांनी ताबडतोब फोन उचलला. सोनवणे म्हणजे धुडकू मास्तर, निवृत्त होऊन सुरतेजवळच्या सचिन गावी राहत होते.

“मास्तर, तुमच्या सोबतचे ते इतर कोण?”

“कसले इतर?”

“अहो, धनश्रीच्या यादीत तुमचं नाव आलंय, पण तुमच्या सोबतच्यांची राहून गेलीत. बरं दिसत नाही ते. पूर्ण नावं सांगा.”

निंबा वाघ फोन करून पूर्ण नावं विचारतोय आणि तीही धनश्रीच्या यादीसाठी! मास्तर एकदम खुलले. “अरे वा! ठरलं म्हणायचं! तारीख कोणती धरली?”

“आजचीच! पाच वाजेपर्यंत. पाचनंतर ते घेतच नाहीत.”

नीट ऐकू यावं म्हणून मास्तरांनी पंखा बंद केला. “इतक्या घाईत, अण्णा?”

“घाई कसली? सहा वर्षं चाललंय तिचं! मागे एकदा तिकडून नकारसुद्धा आला होता. रडली बिचारी. मी म्हटलं, आता एकदाचं होऊन जाऊ दे!”

मास्तरांनी तीन नावं सांगितली आणि फोन ठेवला. पाचनंतर ऑफिसात घेत नाहीत, म्हणजे कोर्ट मॅरेज! सहा वर्षांचं प्रकरण! मास्तर तसे गंभीर स्वभावाचे, त्यांनी हे फक्त तिघांना सांगितलं. इकडे अण्णांनी खात्रीसाठी आणखी अकरा फोन केले. “तुमच्या वडिलांना कै. लावतोय, नाव पूर्ण सांगा.” “तुमच्या सासऱ्यांना श्री. चालेल की हरिभक्त परायण?” ज्याला फोन गेला त्याने दुसऱ्याला केला. सचिनपासून पांडेसऱ्यापर्यंत बातमी पसरायला पाऊण तास पुरला.

अडीच वाजता यादी तयार झाली. काय देखणी यादी! कै. वर, मोठे मध्ये, लहान खाली, मामाला स्वतंत्र ओळ. अण्णांनी ती तीनदा वाचली. एवढं सुंदर काम चार वाजेपर्यंत नुसतं पडू द्यायचं? पोरगी थकून येणार. जर्नलचा पत्ता नियमांच्या कागदावर होताच. अण्णांनी यादी पाठवून दिली आणि समाधानाने चहा मागितला.

चहा आला, त्याच्या मागोमाग सुकदेव आला. कोपरापर्यंत हात निळे! रंगाच्या टाकीवरून तसाच उठून आलेला.

“दाजी! भाचीनं लगन, आन मामाले पत्ता नही?”

“कोणाचं लग्न?”

“आते आखो इचारतस!” सुकदेवचा आवाज फाटला. “लहानपणी ह्या खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तिला! मला एक फोन करता आला नाही?”

मंगलाबाई बाहेर आल्या, हाताला कणीक. “काय झालं रे?” त्यांनी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि गुन्हेगार कोण हे त्यांना लगेच कळलं. तेवढ्यात रिक्षातून हिलालकाका काठी टेकत उतरले. मागून मास्तर नारळ घेऊन. मग शेजारच्या पार्वती, सरलाबाई आणि आणखी चार जणी हळदीकुंकू आणि खण घेऊन. सरलाबाईंनी तर दारातच डोळ्याला पदर लावला. साडेतीनला गल्लीत तीसेक माणसं आणि कोणीतरी मांडववाल्याकडून मागवलेल्या खुर्च्या!

“अहो, लग्न नाही, लेख आहे, लेख!” अण्णा घसा फोडून सांगत होते.

“निंबा,” हिलालकाका शांतपणे म्हणाले, “तू यादी करी ऱ्हायना, आन लगन नही?”

अण्णांनाही ते पटलं. छत्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कशाची यादी केलीच नव्हती.

चार वाजता धनश्रीची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिने पाहिलं तर घरासमोर गर्दी, खुर्च्या आणि बायका डोळे पुसतायत. “अण्णा!” म्हणून ती जी धावत सुटली, ती थेट मामाच्या निळ्या हातांत.

“पोरी,” सुकदेव हुंदका देत म्हणाला, “मुलगा कोण आहे? मामाला तरी सांग!”

“अण्णांना काय झालं?”

“त्यांना काय व्हनार! हाई बठं त्यासनीच करेल शे!” मंगलाबाई कडाडल्या.

आणि तेवढ्यात धनश्रीचा फोन वाजला. गोंधळात तिने स्पीकरच दाबला.

“धनश्री वाघ ना? मी जर्नलचा संपादक. तुमची यादी मिळाली. कुलस्वामिनी प्रसन्न आहे, हे वाचून बरं वाटलं.”

खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकून बसली.

“तुमच्या संदर्भांत माझाही एक लेख आहे,” आवाज पुढे म्हणाला. “मी एकसष्ट वर्षांचा आहे. मला दोन नातवंडं आहेत. मला चिरंजीव का केलंत, एवढंच विचारायचं होतं.”

“सर, ती यादी... चुकून...”

“पाचच्या आत नियमाप्रमाणे दुसरी आली तर ठीक. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

फोन बंद झाला. घड्याळात सव्वाचार. धनश्री पायरीवर बसली. ओरडली नाही, चिडली नाही. नुसती म्हणाली, “सहा वर्षं, अण्णा.”

अण्णांना वाटलं, हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. अकराशे लग्नांत जे कधी कोणासमोर म्हटलं नव्हतं, ते गल्लीसमोर म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.”

धनश्रीने मान वर केली. समोर तिच्या मुलाखतींमधली निम्मीअधिक माणसं उभी होती! दिवसभर परीक्षेच्या हॉलमध्ये पोरं बसवून आलेली मास्तरीण ती. उठली आणि कडक आवाजात म्हणाली, “मामा, हात धुऊन या! सगळ्यांनी आपापली चिठ्ठी घ्या. जे आले नाहीत त्यांची त्यांच्या शेजाऱ्याने घ्या, जे वारले त्यांची घरच्यांनी. आडनावाच्या अक्षराप्रमाणे रांगेत उभे राहा. पुस्तकांचं मी मोबाइलवर करते. अण्णा, तुम्ही खिडकीशी कॉम्प्युटरवर. एकेक जण येईल, आडनाव, नाव, साल सांगेल. जसं सांगतील तस्सं टाइप करायचं!”

“श्री. नाही लावायचं?”

“नाही!”

मग काय ती रांग! अहिरे पुढे पळाले. दोन चौधरी एकमेकांना ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत थांबले, शेवटी मास्तरांनी दोघांना ढकललं. पाटील म्हटल्यावर चौदा! “कोणत्या गावचे पाटील आधी?” असा प्रश्न आला. “गाव नाही, नाव बघा!” धनश्री ओरडली. चौदा पाटलांनी मास्तरांच्या देखरेखीखाली आपापल्या नावांचा क्रम लावला. त्यातल्या एकाचं शाळेतलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं निघालं, तो रांगेत दोनदा इकडून तिकडे गेला.

आणि व्हायचं तेच झालं. हिलालकाका काठी आपटून उभे राहिले. “सुकदेवना मांगे मी? ह्या जन्मात नही!”

सुकदेव बिचारा मागे सरकायला तयार होता, पण तो सरकला तर ब गेला म-च्या मागे! चार सदतीस झाले होते. काका हटेनात. शेवटी पार्वती पुढे आली. ती नथू महाले यांची सून. नथूबाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि चिठ्ठी तिच्या हातात होती.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही इथे उभे राहिलात तर तुमच्या मागे आमचे बाबा येतात.”

काकांनी चिठ्ठीवरचं नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. महाजन, मग महाले. त्यांनी काठी खाली केली.

“एकच खाट व्हती आम्हनी,” ते कोणालाच उद्देशून म्हणाले. “दिनपाळीले तो, रातपाळीले मी. तो उठे आन मी पडू. चार वरीस एके खाटवर झोपनूत, पन एक रविवार सोडा तं भेट नही.” मग त्यांनी पार्वतीला आपल्या मागे नीट उभं केलं आणि मागच्यांना दटावलं, “लोटू नका रे, नथू उभा शे.”

खिडकीशी अण्णा टाइप करत होते. माणसं येत होती, उलटं नाव सांगत होती आणि पुढे जात होती. पाटील देवराम, मुलाखत २०१९. बोरसे सुकदेव, मुलाखत २०२२. ह्या सगळ्यांना अण्णा कोणाचे कोण म्हणून ओळखत होते, अमक्याचा साडू, तमक्याचा जावई. असा एकेकटा त्यांनी कोणाला पाहिलाच नव्हता. पार्वती आली. “महाले नथू, मुलाखत २०२०.” अण्णांची बोटं आपोआप कै.कडे गेली.

“नाही, अण्णा,” शेजारून धनश्री हळूच म्हणाली. “ह्या यादीत कोणी कैलासवासी नसतं. सगळे हजर.”

अण्णांनी महाले टाइप केलं. पडदा धूसर दिसत होता म्हणून त्यांनी ते अक्षर अक्षर तपासून घेतलं.

चार छप्पनला यादी गेली! गल्लीने टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईंनी पातेलंभर चहा टाकला. आणलेला नारळ कोणी परत नेला नाही, आणि सुकदेव जाता जाता म्हणाला, “आलोच आहोत तर एखादं स्थळ बघून ठेवू का?” धनश्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट रंगखात्यात परत गेला.

दहा दिवसांनी जर्नलचं पत्र आलं. लेख स्वीकारला! धनश्रीने मंगलाबाईंना धरून छापखान्यात गिरकी घेतली. अण्णा पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘संशोधनाच्या शिष्टाचारानुसार मुलाखत देणाऱ्यांची नावे न छापता त्यांच्या जागी अनुक्रमांक दिले आहेत. माहितीदार १ ते माहितीदार ३८.’

“म्हणजे... नावंच नाहीत?” अण्णा खुर्चीत बसले. एवढी रांग, एवढा तमाशा आणि नावंच नाहीत! आता लोकांना तोंड कसं दाखवायचं? निदान आपण होऊन सांगावं म्हणून त्यांनी धीर करून पहिला फोन लावला तो हिलालकाकांना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “मना नंबर कोनता?”

“सत्तावीस, काका.”

“आन मना मांगे?”

“अठ्ठावीस. नथूबाबा.”

“मग चालस,” काका म्हणाले. अण्णांचा जीव भांड्यात पडला. पण काकांनी फोन ठेवला नव्हता. “आन तुना नंबर कोनता रे, निंबा?”

अण्णांनी यादी काढली. अ-पासून पाहिली. व-पाशी थांबले. वाणी होते, वानखेडे होते. वाघ नव्हते! त्यांनी बोट लावून पुन्हा पाहिलं. अडतीस माणसं कोणाच्या आधी कोण ह्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि आपण त्यात नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. काका पलीकडे खो खो हसत होते.

“धनश्री,” फोन ठेवून अण्णा पडलेल्या आवाजात म्हणाले, “मी पण पहिल्याच पिढीतला ना गं? तुला सगळी सुरत सापडली आणि घरातला बाप नाही सापडला?”

“तीनदा बसवलं होतं तुम्हाला!” धनश्री कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तिन्ही वेळा विचारलं, तुम्ही सुरतेला कसे आलात? आणि तिन्ही वेळा तुम्ही बाकीच्यांचीच नावं सांगत बसलात! हे अडतीस जण मला कुठून मिळाले, असं वाटतं तुम्हाला?”

अण्णा ओशाळले. मग खुर्ची ओढून लेकीसमोर बसले. “चौथ्यांदा विचार. ह्या वेळी फक्त माझंच सांगतो. शप्पथ!”

धनश्रीने मोबाइल समोर ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाली, “सांगा. तुम्ही सुरतेला कसे आलात?”

अण्णांनी घसा साफ केला, सदरा सारखा केला आणि सुरुवात केली.

“तर त्याचं असं झालं... आधी हिलालकाका आले.”